मालकाच्या घड्याळातले दहा

मिस्टर ऑर्मरॉड यांच्या सूतगिरणीच्या फाटकावर एकाच लाकडी चौकटीत दोन तबकड्या बसवलेल्या होत्या, एकीखाली एक. वरची लंबकावर चाले आणि जगाची वेळ सांगे. खालचीला लंबकच नव्हता. तिच्या काट्यांपासून निघालेला लोखंडी दांडा भिंतीतून आणि मग अंगणाच्या फरशीखालून जाऊन थेट पाणचाकाच्या आसाला भिडला होता. चाकाचे ठरावीक फेरे झाले की खालच्या तबकडीवर एक तास होई, आणि गिरणीतला दिवस हा खालच्या तबकडीचा दिवस होता. नदीला पाणी भरपूर असले की दोघींचे जवळपास जुळे. पाणी आटले की चाक मंदावे, आणि चाकाबरोबर वेळही. वरचीत संध्याकाळचे सात वाजून गेलेले असत तेव्हा खालचीत अजून दुपार रेंगाळत असे, आणि घरी जायचे ते खालचीचे सात झाल्यावर.

काळ आणि गती यांचा संबंध प्राचीन ग्रीकांनी फार बारकाईने तपासला होता. ती गती कोणाच्या मालकीची, हे विचारायचे मात्र त्यांच्याकडून राहून गेले. मिस्टर ऑर्मरॉड यांनी ती उणीव भरून काढली. ते वाचणारे गृहस्थ होते. शहरातल्या विद्वानांच्या मंडळात त्यांनी या घड्याळावर निबंध वाचला होता, आणि त्याचा मथितार्थ असा की पाण्याने केलेला आळस कोणीतरी भरून काढायलाच हवा, आणि पाण्याला दंड करता येत नाही. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कामगार मात्र वरच्या तबकडीला ‘देवाची’ म्हणत आणि खालचीला ‘मालकाची’, आणि कोणती खरी, असा प्रश्न त्यांना कधी पडत नसे.

त्या सोमवारी सकाळी कताईखात्याच्या खिडकीतून केझाया पिम या दोन्ही तबकड्या आळीपाळीने पाहत होती. ऑगस्ट महिना कोरडा चालला होता. बंधाऱ्याच्या तळ्यातले पाणी इतके उतरले होते की काठचा चिखल भेगाळला होता, आणि वरच्या मजल्यावरचे साचे, म्हणजे सूत कातणारी यंत्रे, तीन आठवडे बंद ठेवावी लागली होती. खिडक्या मात्र बंद. सुताला दमट हवा लागते, माणसांना काय लागते याचा निबंध कोणी वाचलेला नव्हता. केझाया दोन्ही हातांनी तुटलेली तार जोडत होती. सुताला पीळ देत गरगरणाऱ्या अठ्ठेचाळीस चात्यांवर नजर ठेवता ठेवता घड्याळावरही नजर ठेवणे तिला लहानपणापासून जमत असे.

आज दुपारी बाराच्या आत तिचे लग्न व्हायला हवे होते.

त्यात प्रेमिकांची अधीरता फारशी नव्हती. तिचा होणारा नवरा एनॉक शटलवर्थ चुन्याच्या भट्टीवर काम करी. फ्रेंचांशी चाललेल्या युद्धासाठी गावागावातून चिठ्ठ्या टाकून माणसे उचलत होते, आणि या वेळच्या चिठ्ठीत त्याचे नाव निघाले. आज संध्याकाळपर्यंत त्याने शहरात पलटणीत हजर व्हायचे होते, आणि पुढची पाच वर्षे पलटण नेईल तिकडे. केझायाला चौथा महिना सरत आला होता. एनॉकची बायको म्हणून मागे राहिली तर गावच्या पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावकारभाराने, तिला शिपायाच्या बायकोचा आठवड्याचा भत्ता देणे कायद्याने बंधनकारक होते. बायको न होता राहिली, तर तोच कायदा तिला वर्षभर सुधारगृहात पाठवू शके. मूल मग पॅरिशचे होई. पॅरिशच्या मुलांचे काय होते हे केझायाला कोणी समजावण्याची गरज नव्हती. सातव्या वर्षी निराश्रितगृहातून गाडीत घालून तिला याच गिरणीच्या फाटकाशी आणून उतरवले होते. गाडीत आणखी अकरा मुले होती. एकवीस वर्षांची होईपर्यंत ती गिरणीला बांधलेली होती, आणि त्यानंतर, मुक्त झाल्यावर, तिने त्याच साच्याशी त्याच जागी पगारावर उभे राहण्याचा करार केला होता.

लग्न काल, रविवारीच, व्हायचे होते. चर्चमध्ये तीन रविवार दोघांच्या नावाची जाहीर हाक देण्याचा नियम असतो. तिसरी हाक काल झाली. पण त्यानंतर पाद्री मिस्टर विल्मट यांचे प्रवचन सुरू झाले, आणि ते नेहमीप्रमाणे बाराच्या पलीकडे गेले. बारानंतर लग्न लावता येत नाही, असा चर्चचा कायदा आहे; लावणाऱ्या पाद्र्याला तीन वर्षे घरी बसावे लागते. मिस्टर विल्मट यांना याचे मनापासून वाईट वाटले. विषय संयमाचा होता, आणि तो थोडक्यात आटोपण्यासारखा नव्हता, असे त्यांनी एनॉकला सांगितले.

म्हणून सोमवार. करार मोडून न सांगता गैरहजर राहिले तर न्यायाधीश तुरुंगात टाकी, आणि या खोऱ्यातले न्यायाधीश मिस्टर ऑर्मरॉडच होते. तेव्हा केझायाने पहाटे घंटेआधीच मुकादम थॉर्नली याला गाठून रजा मागितली होती. थॉर्नलीने डोके खाजवले, तिच्या पोटाकडे पाहिले, लगेच नजर काढून घेतली आणि दहापासून एकपर्यंत रजा दिली. कोणत्या घड्याळाने, हे दोघांपैकी कोणी विचारले नाही की सांगितले नाही. गिरणीत दहा म्हणजे मालकाचे दहा.

इतर दिवशी ते पुष्कळ झाले असते. चर्च टेकडीवर, पाऊण तासाची चढण. पण आज सकाळपासून चाक असे फिरत होते, जणू प्रत्येक फेऱ्याला कोणाची तरी परवानगी घ्यावी लागत होती. देवाच्या तबकडीत दहा वाजून गेले. मालकाच्या तबकडीत नुकते नऊ.

शेजारच्या साच्यावर नॅन ग्रिमशॉ होती. तिने तीन नवरे पुरले होते आणि दोन मुकादम, आणि दुसऱ्या गटाबद्दल तिला जास्त समाधान होते. तिने केझायाला आपली चांगली टोपी उसनी दिली होती; ती फाटकाजवळच्या खुंटीवर अडकवून ठेवलेली होती.

“तोंड असं करू नकोस गं,” नॅन साच्यांच्या खडखडाटावरून ओरडली. “लग्नाला निघालीयेस, फाशीला नाही. तसा फरक फार नाही, पण फासावर माणूस एकदाच चढतो.”

केझायाने मान हलवून खिडकीकडे दाखवले. नॅनने दोन्ही तबकड्या पाहिल्या, हिशेब केला, आणि तिचे हसणे मावळले. काही वेळ ती तशीच तारा जोडत राहिली. मग वाकून केझायाच्या कानाशी आली.

तिने जे सुचवले ते समजायला गिरणीत उभे राहिलेले पाय हवेत. बॉबिन सुताने भरले की चाकाची गती साच्याला देणारा पट्टा सरकवून साचा थांबवायचा, भरलेली बॉबिन उतरवायची, रिकामी चढवायची, आणि पट्टा पुन्हा ओढायचा. या उतरवणीची प्रत्येक साच्याची पाळी वेगळी असे, म्हणजे चाकावरचा बोजा कायम सारखा राही. एक साचा थांबला की जमिनीची थरथर किंचित हलकी होते आणि बाकीचे साचे किंचित जोरात पळतात, हे खात्यातल्या प्रत्येक बाईच्या तळव्यांना माहीत होते. सगळे साचे एकदम थांबले तर? चाकावर बोजा उरणार नाही. चाक मोकळे सुटेल. आणि चाकाला बांधलेला काटा?

“दंड होईल,” केझाया म्हणाली.

“उतरवणीला दंड नाही. सगळ्यांनी एकदम करू नये असं नियमात कुठं लिहिलंय?”

“मला काय ठाऊक? मला वाचता येत नाही.”

“मलाही येत नाही. म्हणून तर खात्रीनं सांगतेय.”

निरोप साच्यामागून साच्याकडे गेला, तोंडाने नव्हे, ओठांच्या हालचालींनी. या आवाजात बायका ओठ वाचायला शिकलेल्या असतात. ज्यांची पाळी आली होती त्या थांबल्या, ज्यांची यायची होती त्यांनी घाई केली. मग नॅनने आपला पत्र्याचा पेला खांबावर आपटला, आणि कताईखात्यातले सगळे पट्टे एका झटक्यात सरकले.

केझायाने असली शांतता या खोलीत कामाच्या वेळी कधी ऐकली नव्हती. पायाखाली, खोल तळघरात, चाक एकदा चाचपडले आणि मग सुसाट सुटले. बायका बॉबिन उतरवू लागल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते काम त्यांनी अत्यंत काळजीपूर्वक, एकेक बॉबिन पुसून, फुंकर मारून केले. खिडकीबाहेर मालकाच्या तबकडीचा मोठा काटा डोळ्यांना दिसेल असा चालत होता. साडेनऊवरून तो पुढे गेला. कोणीतरी हसले. कोणीतरी केझायाच्या पाठीवर थाप मारली. एवढ्या बायकांना मालकाचा वेळ पळताना पाहण्याची ही पहिलीच संधी होती, आणि त्यांनी ती लहान मुलांसारखी उपभोगली.

थॉर्नली त्या वेळी अंगणात होता. चाकाची गर्जना त्याने ऐकली, काट्याची धाव पाहिली, आणि मग त्याने डोंगराकडे पाहिले. वरच्या माळावर पहाटेपासून काळे ढग बसलेले होते. खात्यातल्या बायका काय करताहेत हे त्याच्या डोक्यात येण्याचे काही कारण नव्हते. सगळे साचे एकदम थांबणे ही त्याच्या जगात न घडणारी गोष्ट होती. चाक धावले म्हणजे पाणी आले, हाच अर्थ तेवीस वर्षे खरा ठरला होता. वर पाऊस झाला, लोंढा तळ्यात उतरला. तीन आठवडे मालक बंद साच्यांवरून त्याला बोलत होते. थॉर्नलीने धावत जाऊन पाटाचे दार पूर्ण उचलले, तळ्यातले उरलेसुरले सगळे पाणी चाकावर सोडले, आणि दोन माणसांना वरच्या मजल्यावर पिटाळून बंद पडलेले साचे जोडायला लावले.

खाली बायकांची उतरवणी संपली. कितीही फुंकर मारली तरी ती कधीतरी संपतेच. त्यांनी पट्टे ओढले. एकाच वेळी वरचे आणि खालचे, असे गिरणीतले सगळे साचे त्या चाकाला लटकले.

चाक कण्हले. जमीन एकदा हादरली, दुसऱ्यांदा हळूच, आणि मग हादरलीच नाही. चात्या एकेक करून थांबल्या. खिडकीबाहेर मालकाच्या तबकडीचा मोठा काटा दहाच्या अलीकडे, दोन बोटे अंतरावर, उभा राहिला.

सगळ्या जणी अंगणात उतरल्या. बंधाऱ्यात चिखल होता आणि चिखलात दोन बदके. देवाच्या तबकडीत साडेदहा वाजून गेले होते. केझाया सरळ थॉर्नलीपुढे जाऊन उभी राहिली.

“मला सोडा, मिस्टर थॉर्नली.”

“दहाला सोडायचं ठरलंय, केझाया.” तो घामाघूम झाला होता. “दहा वाजले नाहीत.”

“कधी वाजणार?”

“पाणी आलं की.”

“आणि पाणी?”

थॉर्नलीने आभाळाकडे पाहिले. “ते मालकांच्या हातात नाही.”

“असंही काहीतरी आहे म्हणायचं,” नॅन म्हणाली. “बरं झालं सांगितलंत.”

थॉर्नली दुष्ट नव्हता. दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येते. दोन वर्षांपूर्वी एका बाईचे मूल घरी भाजले तेव्हा त्याने वेळेआधी फाटक उघडले होते. मालकांनी आवाज न चढवता त्याला समजावून सांगितले की नियमाला एकदा अपवाद केला की तो नियम राहत नाही, आणि त्याच्या महिन्याच्या पगारातून ती समजूत वसूल केली. तो राही ती खोली गिरणीची होती. त्याची मुलगी पिंजणखात्यात होती. फाटकाची किल्ली त्याच्या कमरेला लटकत असे, आणि ती लटकते म्हणून त्याला कोणी कैदी म्हणत नसे, इतकेच.

केझायाने त्याच्याशी वाद घातला नाही. ती काट्याकडे पाहत होती. तिला राग आला नाही. तिला दिसले ते फक्त अंतर, दोन बोटांचे. एवढ्यासाठी अजून जन्मायचे असलेले एक पोर सात वर्षांनी गाडीत बसणार होते. तिच्या लहानपणी रविवारी, पाणी बंद करून, पॅरिशच्या मुलांना चाकाच्या फळ्यांवरचे शेवाळ खरवडायला खाली उतरवत. एकाच बाजूला चार-पाच पोरे जमली की चाक त्यांच्या वजनाने गर्रकन फिरे आणि त्यांना खालच्या चिखलात टाकी. एकदा एका पोराचा पाय मोडला होता.

“मिस्टर थॉर्नली,” ती म्हणाली, “चाक पाण्यानंच फिरलं पाहिजे, असा नियम आहे का?”

थॉर्नलीने विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला. “नाही. चाक फिरलं की काटा फिरतो. काटा दहावर आला की मी फाटक उघडतो.”

“मग सगळे पट्टे सोडवा.”

तिच्या मनात काय आहे हे त्याला कळले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते दयेसारखे दिसले तरी त्यात सुटका अधिक होती. नियमाच्या आत राहून चांगले वागण्याची सोय क्वचितच मिळते. त्याने एकेका खात्यात जाऊन स्वतःच्या हातांनी पट्टे सरकवले.

चाकाचा खड्डा थंड होता आणि कुजक्या लाकडाच्या वासाने भरलेला. बायकांनी घागरे कमरेला खोचले, बूट काढले. सात जणी. केझाया पुढे सरली तेव्हा कोणीतरी तिला मागे ओढले, तू बस, तुझ्या पोटात पोर आहे.

“चढू दे तिला,” नॅन म्हणाली. “आज तिचंच वजन कामाचं. दोघांचं आहे.”

वरच्या तुळईला हातांनी धरून त्यांनी एकेक पाय फळ्यांवर ठेवला. आधी काही झाले नाही. मग चाक कुरकुरले, आणि पायाखालची फळी खाली गेली. पुढची फळी छातीशी आली. तिच्यावर पाय द्यायचा, तीही खाली जाई. चढायचे आणि जागच्या जागी राहायचे. दोन-तीन फळ्यांनंतर सातही जणींचे पाय एका तालात पडू लागले, कारण तालाबाहेर पडलेला पाय फळी आणि दगड यांच्यात सापडला असता. शेवाळाने बोटे सटकत होती. केझायाचे पोट दर पायरीला गुडघ्याशी दाबले जात होते. ती खाली पाहत नव्हती.

अंगणात थॉर्नली मान वर करून उभा होता आणि मिनिटे ओरडून सांगत होता. पाच राहिले. बऱ्याच वेळाने, चार. एकदा केझायाला वाटले की तो चुकून तोच आकडा पुन्हा सांगतोय. बेटी नावाची पोरगेली बाई रडू लागली. तरी पाय चालवत राहिली, कारण थांबायची सोय नव्हती.

“तीन.”

“लग्न तिचं आणि वरात आमची,” नॅन धापा टाकत म्हणाली. त्यावर कोणी हसले नाही, कोणाजवळ तेवढा श्वास नव्हता.

दहा वाजले. थॉर्नलीने किल्ली फिरवली. केझाया अनवाणीच धावली, बूट हातात, टोपी खुंटीवरच राहिली.

टेकडीची ती वाट तिने शंभरदा चढली असेल, पण घटकाभर चाकावर चढल्यानंतर तिच्या पायांना एक विचित्र गोष्ट जाणवत होती: जमीन खाली जात नव्हती. प्रत्येक पावलाला ती खरोखर वर येत होती. त्याचेच तिला हसू आले आणि कुशीत कळ आली.

मिस्टर विल्मट चर्चच्या दारात घड्याळ हातात धरून उभे होते. त्यांनी तिचे भिजलेले कपडे पाहिले, अनवाणी पाय पाहिले आणि पुस्तक उघडले. देवाला जे सांगायचे असते ते त्यांनी एका दमात सांगून टाकले. संयमाचा उल्लेख या वेळी आला नाही. एनॉकच्या टोपीला पलटणीची फीत लावलेली होती. चुन्याने पांढरी पडलेली त्याची बोटे तिच्या हाताभोवती होती.

“इतकी भिजलीस कशानं?” तो कुजबुजला.

“चाक चालवून आले.”

त्याला ती थट्टा वाटली. दोघे नवरा-बायको असल्याचे पाद्र्यांनी जाहीर केले, आणि त्यांच्या तोंडातून शेवटचा शब्द पडतो न पडतो तोच डोक्यावर बाराचा पहिला ठोका पडला. मिस्टर विल्मट यांनी डोळे मिटले. तीन वर्षे घरी बसण्यातून ते थोडक्यात सुटले होते.

कब्रस्तानाच्या भिंतीला टेकून दोघांनी ओटची भाकरी आणि चीज खाल्ले. शहराकडे जाणारी वाट जिथे फुटते तिथपर्यंत ती त्याच्याबरोबर गेली.

“मुलगा झाला तर त्याला भट्टीवर घालू नकोस,” एनॉक म्हणाला. “चुन्यानं डोळे जातात.”

“मुलगी झाली तर?”

त्याने खाली खोऱ्याकडे पाहिले. गिरणीच्या पाच मजल्यांच्या खिडक्या उन्हात चमकत होत्या. मग त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला.

ती परतली तेव्हा देवाच्या तबकडीत दुपार कलली होती. मालकाच्या तबकडीत दहा वाजले होते. तळे अजून भरत होते, चाक उभे होते. ती लग्न करून आली, नवऱ्याला निरोप देऊन आली, आणि एवढ्या अवधीत गिरणीत एक क्षणही गेलेला नव्हता. उशीर झाल्याचा दंड तिला होऊ शकत नव्हता. तिची तीन तासांची रजा अख्खी शिल्लक होती, आणि दिवसही.

मिस्टर ऑर्मरॉड चाकाच्या खड्ड्याशी उभे होते. कोट काढलेला, बाह्या वर सारलेल्या, हातात मोजपट्टी. बायका भिंतीला लागून उभ्या होत्या, थॉर्नली टोपी काढून. केझाया दंड ऐकायला त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पण मालक वळले ते हसतमुखाने. त्यांनी तिचे अभिनंदन केले. श्रीमती शटलवर्थ, असे म्हणाले. तिला असे कोणी पहिल्यांदाच म्हटले, आणि ते यांनी म्हणावे.

मग त्यांनी विचारले. किती जणी चढला होतात? आधी कोणता पाय? हात कुठे धरले होते? फळी निसरडी वाटली का? बेटी रडली ती भीतीने की थकव्याने? चौदा वर्षांत या माणसाने तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. तो ऐकत होता, मान डोलवत होता, तिचे उत्तर पुरे होईपर्यंत थांबत होता. कोणी इतक्या लक्षाने ऐकले की माणूस नीट सांगू लागतो. केझायाने सगळे नीट सांगितले. पट्टे सुटलेले असले की सात जणींना पुरते. एक-दोन साचे जोडले तर बहुधा दहा लागतील. धरायला तुळई फार उंच आहे, तिच्यामुळे खांदे आधी भरून येतात, पाय नंतर.

नॅन तिच्याकडे एकटक पाहत होती आणि बारीक मान हलवत होती. केझायाला ते शेवटच्या उत्तरानंतर दिसले.

“दमलात का?” मिस्टर ऑर्मरॉड यांनी विचारले.

“दमलो, साहेब,” ती म्हणाली. तिला पुढचे गिळून टाकायचे होते, पण ते निघून गेले होते. “पण फिरलं.”

दंड कोणालाच झाला नाही. मालकांनी त्या सायंकाळी थॉर्नलीचेसुद्धा कौतुक केले. दुसऱ्या दिवशी घड्याळाचा दांडा चाकाच्या आसावरून काढून कताईखात्यातल्या शेवटच्या साच्याला जोडण्यात आला. यापुढे सूत निघाल्याशिवाय मिनिट सरकणार नव्हते. आणि कोरड्या दिवसांत दहा-दहा बायकांनी पाळीपाळीने चाकावर उभे राहायचे, असे ठरले. पहिल्या पाळीत अर्थातच ज्यांना सवय आहे त्या. नदीने काम थांबवले तर माणसाच्या वजनाने ते पुढे नेता येते, या शोधावर हिवाळ्यात निबंध वाचण्याचे मिस्टर ऑर्मरॉड यांच्या मनात होते.

“तुला नवरा मिळाला,” नॅन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच केझायाला सोसले नाही. “आम्हालाही काहीतरी मिळायला हवंच होतं.”

गुरुवारी सुतार आला. तुळई उंच पडते हे ध्यानात घेऊन मालकांनी चाकासमोर छातीच्या उंचीवर एक गुळगुळीत दांडी बसवायला सांगितली होती, म्हणजे खांदे भरून येणार नाहीत. त्यांनी आणखी एक सूचना केली होती, आणि सुतार ती सांगताना थोडा अडखळला. डाव्या टोकाची जागा श्रीमती शटलवर्थ यांची. तिथे दांडीला बाहेरच्या बाजूने वळण द्यायचे, आणि लोकर भरून कातडे लावायचे. पोटाला लागू नये म्हणून.

त्याने तिला फळीवर उभे केले. चाक खुंटी मारून अडवलेले होते. त्याने तिच्या पोटापासून मोजपट्टी धरली आणि मग थांबला. माणूस सज्जन होता, घरी लेकी होत्या.

“अजून किती वाढेल, पोरी?” त्याने विचारले. “म्हणजे एकदाच नीट करून टाकतो. परत परत उघडायला नको.”

केझायाने हात पोटापुढे हवेत धरला. अंदाज घेतला. मग तो आणखी थोडा पुढे नेला आणि तिथेच स्थिर ठेवला, आणि सुताराने कानामागचा खडू काढून तिथे खूण केली.